पर्यायी वीजसंच व त्यांवरील करसवलती : घेण्यापूर्वी काय पाहावे

खेड्यातील घर, गोठा, मळा आणि त्यांस जोडून केलेला लहानमोठा धंदा यांचा विजेशी संबंध आता इतका निकट झाला आहे की, वीज दोन-चार तास गेली तरी झालेले नुकसान रुपयांत मोजता येते. दूध थंड ठेवणारे यंत्र बंद पडले की दूध नासते. बंदिस्त कुक्कुटशाळेतील पंखे वैशाखाच्या दुपारी थांबले तर पक्षी थोड्याच वेळात गुदमरून मरतात. तेलघाणी अगर पिठाची गिरणी थांबली तर गड्याची मजुरी चढत राहते व गिऱ्हाईक मात्र परत जाते. अशा अडचणीच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून इन्व्हर्टर व बॅटरी, डिझेलचे जनित्र किंवा छपरावरील सौरसंच घेण्याकडे शेतकरीवर्गाचा कल वाढत आहे, आणि तो योग्यच आहे.

परंतु असा संच विकावयास येणारा मनुष्य बहुधा दोन वाक्ये बोलतो. एक, 'सरकार यातले बरेचसे पैसे परत देते'. आणि दुसरे, 'उरलेले करात वळते होतात'. ही वाक्ये सर्वस्वी खोटी नव्हेत. मात्र ती कोणास, कोणत्या संचास व कोणत्या रीतीने लागू पडतात हा भाग सांगावयाचा राहून जातो, आणि त्या भरवशावर कर्ज काढणाऱ्यास पुढे हप्ते फेडताना खरी गोष्ट कळते. ती आधीच कळावी एवढ्याकरिता हा लेख लिहिला आहे.

सूट, तहकुबी, तगाई आणि अनुदान

महसुलाच्या दप्तरात ज्यांनी उमेदवारीपासून काम केले, त्यांस प्रथम शिकावी लागे ती गोष्ट ही की, सूट व तहकुबी एक नव्हेत. पिकाची आणेवारी उतरली म्हणजे साऱ्याची वसुली पुढे ढकलीत, ती तहकुबी. देणे कायम राही, मुदत मात्र वाढे. देणेच माफ झाले तर ती सूट. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्जाच्या व १८८४ च्या शेतकरी कर्जाच्या कायद्यान्वये विहिरीस, बांधबंदिस्तीस किंवा बैलबियाण्यास जी रक्कम मिळे ती तगाई. ती व्याजासह परत करावयाची असे. हे तिन्ही शब्द गावात एका श्वासात उच्चारले जात, व 'सरकारने दिले' एवढेच लोकांच्या ध्यानात राही. मग तगाईचा हप्ता थकून जप्तीची नोटीस आली म्हणजे शब्दातील भेद समजे.

आजच्या सवलतींचेही असेच चार प्रकार आहेत. ज्या करात दरच कमी केला आहे ती सूट. जो कर आज न घेता पुढील वर्षांत घ्यावयाचा ती तहकुबी. कमी व्याजाचे कर्ज ही तगाई. आणि जी रक्कम आपल्या खात्यावर जमा होऊन परत करावी लागत नाही ते अनुदान. विक्रेत्याने कोणतीही सवलत सांगितली की ती या चारांपैकी कोणत्या घरात बसते, हा पहिला प्रश्न विचारावा.

दुसरा प्रश्न याहून साधा आहे : ज्या करात सवलत आहे तो कर आपण भरतो काय? न भरलेल्या करातून कोणासही काही वजा करून मिळत नाही.

सवलत जुनी, तत्त्वही जुने

शेतकऱ्याने पदरचा पैसा घालून केलेल्या सुधारणेस सरकारने करात संभाळून घ्यावे, ही कल्पना नवी नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात हे तत्त्व होते की, खातेदाराने स्वतःच्या खर्चाने विहीर पाडून किंवा अन्य सुधारणा करून उत्पन्न वाढविले असेल, तर फेरजमाबंदीच्या वेळी त्या वाढीबद्दल त्याजवर जादा आकार बसवू नये. हेतू उघड होता. विहीर पाडली की सारा वाढतो, अशी भीती असती तर कोणीही विहीर पाडली नसती. आज सौरसंचास जी सवलत आहे तिच्या मुळाशी हाच विचार आहे : जे काम लोकांनी आपण होऊन करावे असे सरकारास वाटते, त्या कामाचा खर्च हलका करावयाचा. फरक इतकाच की, विहिरीची सवलत जमिनीच्या आकारात होती म्हणून ती प्रत्येक खातेदारास पोहोचे. आजच्या सवलती निरनिराळ्या करांत वाटल्या गेल्या आहेत, म्हणून त्या प्रत्येकास पोहोचतातच असे नाही.

वीज गेल्यावर कोणता संच चालतो

कराचा विचार करण्यापूर्वी यंत्राचा विचार केला पाहिजे. कारण सर्वांत मोठी फसगत येथेच होते.

पहिला प्रकार इन्व्हर्टर व बॅटरीचा. तारेतून वीज असताना बॅटरी भरते व वीज गेली की तीच घरास पुरवठा करते. दुसरा प्रकार डिझेलच्या जनित्राचा. तिसरा प्रकार छपरावरील सौरसंचाचा. पण यात पुन्हा दोन भेद आहेत, आणि तेच नीट ध्यानात घ्यावयाचे आहेत.

महावितरणच्या तारेशी नुसता जोडलेला, बॅटरी नसलेला सौरसंच दिवसा वीज तयार करतो, घरात लागते तेवढी देतो व उरलेली तारेत सोडतो. त्याची नोंद नेट मीटर ठेवतो व बिल कमी येते. परंतु तारेतील वीज गेली की हा संच तत्क्षणी आपोआप बंद होतो. डोक्यावर लख्ख ऊन असले तरी घरात अंधारच! हा यंत्राचा दोष नव्हे. ही मुद्दाम केलेली योजना आहे. बंद तारेवर दुरुस्तीस चढलेल्या वायरमनच्या अंगी आपल्या छपरावरची वीज उतरू नये, म्हणून असे करणे अवश्य आहे. ज्यास वीज गेल्यावरही पुरवठा हवा, त्याने बॅटरीसह चालणारा, हायब्रिड म्हणतात तो इन्व्हर्टर घेतला पाहिजे. तो वीज गेली की घराचा संबंध तारेपासून तोडतो व मग बॅटरी आणि सूर्य यांवर घर चालवितो.

याचा अर्थ असा की, बिल कमी करणारा संच व अडचणीस उपयोगी पडणारा संच हे दोन निराळे आहेत. आणि सरकारी अनुदान, पुढे दिसेल त्याप्रमाणे, पहिल्याच्या मापाने मोजले जाते.

घरासाठी मिळणारी मदत

घराच्या छपरावरील सौरसंचासाठी 'पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांस लाभ देण्याचा तिचा उद्देश असून ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चास २०२६-२७ अखेरपर्यंत मंजुरी आहे. तीत घरगुती ग्राहकास मिळणारे केंद्राचे अनुदान येणेप्रमाणे :

१ किलोवॉटच्या संचास ३०,००० रुपये;
२ किलोवॉटच्या संचास ६०,००० रुपये;
३ किलोवॉट व त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये.

म्हणजे ३ किलोवॉटच्या पुढे संच कितीही मोठा बसविला तरी अनुदान ७८,००० रुपयांवर थांबते. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर करावयाचा, संच नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्यावयाचा, त्यातील सौर पट्ट्या देशी बनावटीच्या असावयाच्या, आणि संच बसून वीज कंपनीची तपासणी व नेट मीटर झाल्यावर अनुदान ग्राहकाच्या बँकखात्यात जमा व्हावयाचे, असा क्रम आहे. सबब आरंभीची रक्कम आपणासच उभी करावी लागते. याकरिता बँकांकडून तारणाशिवाय कर्जही मिळते; पण ती तगाई होय, अनुदान नव्हे, हे विसरू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. हे अनुदान सौर पट्ट्यांच्या किलोवॉटवर मोजतात. बॅटरीकरिता त्यात वेगळी रक्कम नाही. उदाहरणार्थ, ३ किलोवॉटचा साधा संच २ लाख रुपयांस पडतो असे धरू. अनुदान ७८,००० वजा जाता पदरचे १,२२,००० लागले. म्हणजे शेकडा ३९ भाग सरकारने सोसला. आता वीज गेल्यावरही घर चालावे म्हणून हायब्रिड इन्व्हर्टर व बॅटरी यांपायी आणखी १ लाख खर्च आला असे समजा. एकूण खर्च ३ लाख झाला, अनुदान मात्र तेच ७८,००० राहिले. पदरचे २,२२,००० लागले व सरकारचा भाग शेकडा २६ वर आला. संचाच्या किमती ठिकाणपरत्वे निरनिराळ्या असतील, परंतु हिशेबाची रीत हीच.

आयकराविषयी म्हणाल तर, स्वतःच्या राहत्या घरी बसविलेल्या संचाचा खर्च आपल्या देशात करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. येथे कित्येकांचा गोंधळ परदेशातील नातलगांमुळे होतो. अमेरिकेतील मुलगा किंवा जावई फोनवरून सांगतो की, 'आमच्याकडे सौरसंचाच्या व बॅटरीच्या खर्चापैकी तीस टक्के रक्कम करातून वळती झाली.' ते खरे होते. तेथील केंद्रीय आयकरात राहत्या घरच्या सौरसंचावर ३० टक्के, आणि २०२३ पासून किमान ३ किलोवॉट-तास साठा असलेल्या बॅटरीवरही तितकीच वजावट, प्रत्यक्ष कराच्या रकमेतून मिळत असे. परंतु २०२५ साली झालेल्या कायद्याने ही घरगुती सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चास बंद केली. तात्पर्य, ती सवलत त्या देशाची होती, व तेथेही ती मुदतीची ठरली. तिच्यावरून आपल्या घरचे अंदाजपत्रक करू नये.

धंद्यासाठी मिळणारी सवलत : घसारा

दूध संकलन, कुक्कुटपालन, तेलघाणी, शीतगृह, गिरणी, दुकान असा धंदा असेल तर मात्र आयकराचा संबंध येतो. सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती जोडणीस आहे, धंद्याच्या जोडणीस नाही. धंद्यास जी सवलत आहे ती घसाऱ्याच्या रूपाने.

यंत्र वापराने झिजते म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग दरसाल खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करू देतात, त्यास घसारा म्हणतात. डिझेल जनित्रासारख्या सामान्य यंत्रसामग्रीस हा दर १५ टक्के आहे. सौरसंचास पूर्वी ८० टक्के होता. तो १ एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आणला गेला. वजावट दर वर्षी उरलेल्या किमतीवर होते. ५ लाख रुपयांच्या सौरसंचाचा हिशेब पाहा :

पहिले वर्ष : ५,००,००० वर ४० टक्के, म्हणजे २,००,०००, बाकी ३,००,०००.
दुसरे वर्ष : ३,००,००० वर ४० टक्के, म्हणजे १,२०,०००, बाकी १,८०,०००.
तिसरे वर्ष : १,८०,००० वर ४० टक्के, म्हणजे ७२,०००, बाकी १,०८,०००.

तीन वर्षांत मिळून ३,९२,००० रुपये खर्ची पडले. तितक्याच किमतीचे जनित्र घेतले असते तर १५ टक्क्यांनी तीन वर्षांत सुमारे १,९३,००० खर्ची पडले असते. भागीदारी पेढीस आयकर ३० टक्के दराने पडतो. उपकर सोडून दिला तर अशा पेढीचा कर सौरसंचामुळे तीन वर्षांत १,१७,६०० रुपयांनी कमी होतो. जनित्रामुळे सुमारे ५७,९०० रुपयांनी.

येथे दोन गोष्टी स्पष्ट समजून घ्याव्यात. पहिली : '४० टक्के घसारा' म्हणजे किमतीचे ४० टक्के परत मिळणे नव्हे. पहिल्या वर्षी २ लाख उत्पन्नातून वजा झाले, करातून नव्हे. कर वाचला तो ६०,००० रुपये. दुसरी : ही खरी सूट नसून तहकुबी आहे. यंत्राची किंमत आज ना उद्या खर्ची पडणारच होती. जलद घसाऱ्यामुळे ती लवकर पडते. आरंभीच्या वर्षांत कर कमी भरावा लागतो, आणि पुढील वर्षांत वजा करावयास थोडेच उरते म्हणून तेव्हा तो जास्त भरावा लागतो. पैसा हाती लवकर राहतो, कर्जाच्या आरंभीच्या हप्त्यांस त्याचा हातभार लागतो, हा लाभ खराच आहे. पण त्यास देणगी समजू नये.

शिवाय हा लाभ सर्वांस पोहोचत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंत सर्वसाधारण करपात्र उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीस आयकर द्यावा लागत नाही. ज्याचे धंद्याचे उत्पन्न या मर्यादेच्या आत आहे, त्याचा कर घसाऱ्याने कमी होणार नाही, कारण तो मुळातच शून्य आहे. तसेच जे लहान व्यापारी प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब न देता उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा धरून कर भरण्याची सोपी रीत पत्करतात, त्यांच्या त्या नफ्यात घसारा आधीच वजा धरलेला असतो. त्यांस तो पुन्हा मागता येत नाही. खेड्यातील बहुतेक लहान धंदे या दोहोंपैकी एका वर्गात मोडतात. ही गोष्ट विक्रेता सांगत नाही. त्याचे ते कामही नव्हे. ती आपल्या हिशेबनिसास विचारावी.

वेळेचाही प्रश्न आहे. आर्थिक वर्षात यंत्राचा उपयोग १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभानंतर सुरू केलेल्या संचास पहिल्या वर्षी ४० ऐवजी २० टक्के. नुसते बिल फाटून उपयोग नाही, संच प्रत्यक्ष चालू झाला पाहिजे. दुसरे असे की, १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा लागू झालेला असल्याने, जुन्या पुस्तकातील कलमांचे आकडे देऊन अर्ज लिहू नयेत.

शेतीच्या उत्पन्नाचे काय

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. इतर करपात्र उत्पन्न असेल तर कराचा दर ठरविण्यापुरते ते हिशेबात धरण्याचे प्रसंग येतात, एवढेच. याचा एक परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : निव्वळ शेतीकरिता घेतलेल्या जनित्राचा अगर सौरसंचाचा घसारा दुकानाच्या किंवा अन्य धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. कर नाही तेथे वजावटही नाही. याउलट दूधधंदा व कुक्कुटपालन ही कायद्याच्या दृष्टीने शेती नव्हे. त्यांचे उत्पन्न करपात्र आहे, म्हणून त्यांच्या यंत्रांस घसाराही आहे. एकच संच मळ्यास व कुक्कुटशाळेस मिळून असेल तर कोणत्या कामास किती उपयोग होतो याची टिपणे ठेवावीत.

शेतीपंपाकरिता मदत येते ती करातून नव्हे, अनुदानातून. २०१९ च्या 'पीएम-कुसुम' योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या स्वतंत्र सौरपंपास केंद्र व राज्य यांचे अनुदान ठेवले आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण वर्गास १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींस ५ टक्के ठेवण्यात आला. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण ठरले. हे अनुदान मोठे आहे. पण हा पंप सूर्य असताना पाणी उपसतो. तो घरचा दिवा किंवा गोठ्यातील यंत्र चालविण्याकरिता दिलेला नाही. पर्यायी वीज म्हणून त्याची गणना करू नये.

वस्तू व सेवा कर

लहान शेतकऱ्यास खरोखर पोहोचणारी सूट असेल तर ती या करात आहे, कारण हा कर वस्तू घेणारा प्रत्येकजण देतो. सौरसाहित्यावरील दर १ ऑक्टोबर २०२१ पासून १२ टक्के होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. संच बसवून देण्याचा एकत्र ठेका असेल तर किमतीचे ७० टक्के साहित्य व ३० टक्के मजुरी-सेवा असे धरतात, आणि सेवेवर १८ टक्के कर पडतो. म्हणजे १ लाखाच्या ठेक्यात ७०,००० वर ३,५०० व ३०,००० वर ५,४००, मिळून ८,९०० रुपये. पूर्वीच्या दराने हाच कर १३,८०० होता. स्वतंत्रपणे घेतलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर पूर्वी २८ टक्के कर होता, तोही त्याच तारखेपासून १८ टक्के झाला. जनित्रावर १८ टक्केच आहे. बिलात कोणता दर लावला आहे हे स्वतः वाचून पाहावे. जुन्या दराचे कोटेशन घेऊन आलेल्यास ते बदलून मागावे.

भरलेला कर पुढे वळता करून घेण्याचा अधिकार नोंदणी असलेल्या व करपात्र माल विकणाऱ्या धंद्यासच आहे. आपल्या रानातील माल विकणाऱ्या शेतकऱ्यास नोंदणीची गरज नाही, त्यामुळे त्यास भरलेला करही परत मागता येत नाही. जो धंदेवाईक हा कर वळता करून घेतो, त्याने त्याच रकमेवर पुन्हा घसारा मागू नये. दोन्हीकडून लाभ कायद्यास मान्य नाही. डिझेल तर या करपद्धतीच्या बाहेरच आहे. जनित्रात जाळलेल्या डिझेलवरील कर कोणासही येथे वळता होत नाही, तो खर्चात जातो.

कागदपत्रांची शिस्त

सवलत कायद्यात असते, पण मिळते ती कागदावर. म्हणून पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. बिल ज्याच्या नावे वीजजोडणी आहे त्याच्याच नावे घ्यावे. वडिलांच्या नावे मीटर, मुलाच्या नावे बिल व सुनेच्या नावे बँकखाते, अशा प्रकरणांत अर्ज अडून बसतो. जोडणी मयत इसमाच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्यावे.

२. धंद्याच्या यंत्राचे पैसे रोख देऊ नयेत. एका दिवशी एका इसमास १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास ती रक्कम आयकरात यंत्राच्या किमतीत धरीत नाहीत, व तिच्यावर घसारा मिळत नाही. 'रोख द्या, स्वस्तात देतो' म्हणणारा मनुष्य आपली सवलत आपल्याच हातून घालवितो.

३. अनुदान मिळाले असल्यास ते किमतीतून वजा करून उरलेल्या रकमेवरच घसारा मागावा.

४. सौर पट्टी, इन्व्हर्टर, बॅटरी व मजुरी यांच्या किमती बिलात निरनिराळ्या लिहून घ्याव्यात. यंत्रांचे क्रमांक व हमीची मुदत त्यावर असावी.

५. संच चालू झाल्याची तारीख दाखविणारा वीज कंपनीचा कागद जपून ठेवावा.

मग करावे काय

आपली गरज आधी कागदावर मांडावी. दहा वॉटचे सहा दिवे, पंचाहत्तर वॉटचे तीन पंखे, आणि दूरचित्रवाणी व फोन यांस शंभर-सव्वाशे वॉट, मिळून सुमारे ४०० वॉट भार होतो. वीज चार तास जाते असे धरले तर १,६०० वॉट-तास, म्हणजे १.६ युनिट वीज साठवावी लागेल. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट मावते. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी दरवेळी तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर निकामी होते, म्हणून अशा दोन घ्याव्यात. ज्या घरची अडचण एवढीच आहे, त्याने अनुदानाच्या लोभाने तीन लाखांचा संच घेण्याचे कारण नाही. बिनसवलतीचा साधा इन्व्हर्टरच त्यास स्वस्त पडेल.

ज्याचे वीजबिल मोठे आहे, छप्पर भक्कम व सावलीविरहित आहे, त्यास सौरसंच बिलाकरिता परवडेल. १ किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते व आपल्या प्रांतात दिवसाकाठी सरासरी चार युनिट वीज मिळते, यावरून बचतीचा हिशेब करावा. त्यास बॅटरी जोडावयाची की नाही हा प्रश्न स्वतंत्र ठेवावा, आणि पुढे जोडण्याचा विचार असल्यास इन्व्हर्टर आरंभीच त्या जातीचा मागावा. ज्याच्या कुक्कुटशाळेत एका तासात हजारो रुपयांचे पक्षी मरतील, त्याने सवलत मिळो वा न मिळो, जनित्र ठेवलेच पाहिजे. आणि ते जोडताना तारेशी संबंध तोडणारा चेंजओव्हर स्विच बसविल्याखेरीज एक दिवसही चालवू नये. मोठ्या करपात्र नफ्याची पेढी असेल तर तिने सौरसंच व घसारा यांचा मेळ हिशेबनिसाकडून घालून घ्यावा.

शेतकरी बंधूंस शेवटी इतकेच सांगणे की, सवलत वजा न करता प्रथम पूर्ण किमतीचा हिशेब मांडावा. त्या किमतीस तो संच आपल्या नुकसानीच्या मानाने परवडत असेल तर घ्यावा, व मग मिळेल ती सवलत हक्काने, वेळेत आणि कागदानिशी पदरात पाडून घ्यावी. सवलत वजा केल्यावरच जो संच परवडतो, त्याच्याबाबत सवलतीची रक्कम, तारीख व अट ही तिन्ही लेखी हाती येईपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नये.